नव्याने उभारलेल्या सर्व्हरवर जुनी सिस्टम स्टेट कशी आणायची

सर्व्हर गेला. डिस्क बदलली किंवा अख्खं मशीनच बदललं, विंडोज सर्व्हर नव्याने टाकून झालं आणि बॅकअपची डिस्क हातात आहे. अशा वेळी बॅकअप जोडून लगेच रिस्टोअरची कमांड द्यायला हात शिवशिवतात. थोडं थांबा. या कामात कमांड एकच आहे, ती चालायला तासभर पुरतो, आणि काम बिघडतं ते बहुतेक वेळा त्या कमांडच्या आधी. म्हणून या लेखात तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

इथे विंडोज सर्व्हर २००८ पासून सोबत येणारं विंडोज सर्व्हर बॅकअप आणि त्याचं कमांड लाइनवरचं रूप डब्ल्यूबीॲडमिन गृहीत धरलं आहे. तुमच्याकडे दुसरं बॅकअप सॉफ्टवेअर असेल तर बटणं वेगळी दिसतील, क्रम मात्र हाच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

सिस्टम स्टेटमध्ये काय येतं, काय येत नाही

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), बूट फाइल्स, कॉम प्लसची (प्रोग्राम्सच्या सामायिक घटकांची) नोंदणी आणि विंडोजच्या संरक्षित सिस्टम फाइल्स एवढं प्रत्येक सर्व्हरवर येतं. सर्व्हर डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे नेटवर्कवरच्या युजर आणि मशीन्सची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर त्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे त्या सगळ्या खात्यांच्या यादीचा डेटाबेस आणि ग्रुप पॉलिसी ठेवणारं सिसव्हॉल फोल्डर जमा होतं. सर्टिफिकेट सर्व्हर असेल तर त्याचा डेटाबेस, क्लस्टरमध्ये असेल तर क्लस्टरची माहिती, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) असेल तर त्याचं कॉन्फिगरेशन.

युजरच्या फाइल्स, शेअर केलेल्या फोल्डर्समधला मजकूर, एसक्यूएलचे डेटाबेस यातलं काहीही येत नाही. प्रोग्राम फाइल्समधली बहुतेक सॉफ्टवेअरही येत नाहीत. त्यांच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी मात्र येतात, आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. रिस्टोअरनंतर 'प्रोग्राम्स'च्या यादीत अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर दिसतं, आयकॉनवर क्लिक केलं की काहीच उघडत नाही, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचा ७००० नंबरचा एरर येतो की सर्व्हिसची फाइल सापडत नाही. शेअर्सचंही तसंच. शेअरची व्याख्या रजिस्ट्रीत असते, ती परत येते. पण ज्या फोल्डरवर तो शेअर होता ते फोल्डरच जागेवर नसेल तर सर्व्हर सर्व्हिस २५११ नंबरची नोंद टाकते आणि शेअर उभा राहत नाही.

थोडक्यात, सिस्टम स्टेट ही जुन्या मशीनची ओळख आहे: त्याचं नाव, त्याचा एसआयडी (विंडोज ओळखीसाठी वापरतं तो क्रमांक), लोकल युजर आणि ग्रुप, डोमेनशी असलेलं नातं. जुन्या सर्व्हरची डेटा डिस्क शाबूत असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. ती नव्या विंडोजला जोडा, एखाद्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडा. लोकल ग्रुप्सच्या नावांऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतील, कारण त्या एसआयडीचे मालक या नव्या विंडोजला माहीतच नाहीत. सिस्टम स्टेट आली की त्याच टॅबमध्ये पुन्हा नावं दिसू लागतात.

आधी ठरवा: ही ओळख परत हवी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल आणि डोमेनमध्ये दुसरा एक तरी निरोगी डीसी चालू असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: रिस्टोअर करू नका. मेलेल्या डीसीच्या नोंदी चालू डीसीवरून साफ करा, त्याच्याकडे एफएसएमओ रोल्स (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) असतील तर ते ताब्यात घ्या, आणि नव्या मशीनला नवा डीसी म्हणून प्रमोट करा. डेटा रेप्लिकेशनने, म्हणजे डीसींमधल्या देवाणघेवाणीने आपोआप येतो. हे स्वच्छ आहे, कमी धोक्याचं आहे आणि बहुतेकदा लवकरही होतं. सिस्टम स्टेटची खरी गरज पडते ती डोमेनमध्ये एकच डीसी असेल तेव्हा, किंवा सगळेच एकदम गेले असतील तेव्हा.

साधा फाइल सर्व्हर असेल तरी विचार करा. लोकल युजर वापरात नसतील, सगळ्या परवानग्या डोमेनच्या ग्रुप्सना दिलेल्या असतील आणि शेअर्स मोजकेच असतील, तर नवं विंडोज डोमेनमध्ये जोडून शेअर्स हाताने बनवणं सोपं पडतं. वर्षानुवर्षांचं कॉन्फिगरेशन, सर्टिफिकेट सर्व्हर, गुंतागुंतीचं आयआयएस, कुणालाच आठवत नाहीत अशा सेटिंग्ज असलेला सर्व्हर असेल तर सिस्टम स्टेट हवीच.

आणि तुमच्याकडे बेअर मेटल बॅकअप, म्हणजे रिकाम्या मशीनवर अख्खी सिस्टम उभी करता येईल असा बॅकअप असेल, तर हा सगळा उपद्व्याप सोडा. नवं विंडोज टाकण्याचीही गरज नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून बूट करा, रिपेअरमध्ये जा, सिस्टम इमेज रिकव्हरी निवडा. सिस्टम स्टेट त्यातच असते. एक अट लक्षात ठेवा, नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. जुन्या डिस्कवर निम्मीच जागा वापरलेली होती, हा युक्तिवाद विंडोज ऐकत नाही.

बॅकअपचं वय

फाइल सर्व्हरचा बॅकअप जुना असला तर फार तर जुन्या सेटिंग्ज मिळतात. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत मात्र बॅकअपला मुदत असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एखादं ऑब्जेक्ट डिलीट केलं की ते लगेच नाहीसं होत नाही, टूमस्टोन म्हणून काही दिवस राहतं, म्हणजे सगळ्या डीसींना ते डिलीट झाल्याचं कळावं. हा काळ सुरुवातीला ६० दिवसांचा होता. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नव्याने बनवलेल्या फॉरेस्टसाठी (एक किंवा अनेक डोमेनचा समूह) तो १८० दिवसांचा झाला. फॉरेस्ट त्याहून जुना असेल आणि कुणी मुद्दाम बदल केला नसेल, तर सर्व्हरची आवृत्ती कितीही नवी असली तरी तुमच्याकडे अजूनही ६० दिवसच असू शकतात. या मुदतीपेक्षा जुना बॅकअप डीसीसाठी वापरायचा नाही.

नवं विंडोज जुन्यासारखं करा

आता खरं काम. नव्या सर्व्हरवर खालच्या गोष्टी जुन्याशी जुळल्या पाहिजेत:

- विंडोजची आवृत्ती आणि एडिशन. स्टँडर्ड होतं तर स्टँडर्डच, डेटासेंटर होतं तर डेटासेंटर. अपडेट्सची पातळीही शक्य तितकी जवळ आणा.
- विंडोजचं फोल्डर आणि ड्राइव्ह लेटर. डेटा डी ड्राइव्हवर आणि लॉग्ज ई ड्राइव्हवर होते, तर नव्यावरही तसेच हवेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटाबेस ई ड्राइव्हवर ठेवलेला होता आणि नव्या सर्व्हरवर ई म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह, असं असेल तर ते आत्ताच निस्तरा.
- बूटची पद्धत. जुनं मशीन यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) बूट होत होतं तर नवंही त्यावरच हवं. बूटची माहितीही सिस्टम स्टेटमधूनच येते.
- कॉम्प्युटरचं नाव.

नाव तेच द्या, पण सर्व्हर डोमेनमध्ये जोडू नका. वर्कग्रुपमध्येच राहू द्या. त्याच नावाने डोमेनला जोडलंत तर डोमेनमधल्या त्या मशीनच्या अकाउंटचा पासवर्ड बदलतो, आणि रिस्टोअरमधून येणारा जुना पासवर्ड निरुपयोगी ठरतो. डोमेनचं सदस्यत्व सिस्टम स्टेटबरोबर परत येणारच आहे.

जुन्या सर्व्हरवर जे रोल्स आणि फीचर्स होते ते नव्यावर बसवून ठेवणं मी पसंत करतो. डीसीसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन सर्व्हिसेसचा रोल फक्त बसवायचा, प्रमोट करायचं नाही. विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर वेगळं बसवावं लागतं. ते नसेल तर डब्ल्यूबीॲडमिनची रिकव्हरीची कमांड चालणारच नाही.

हार्डवेअरबद्दल मायक्रोसॉफ्टची भूमिका कडक आहे: सिस्टम स्टेट वेगळ्या मेकच्या, वेगळ्या मॉडेलच्या मशीनवर आणण्याला त्यांचा अधिकृत पाठिंबा नाही. प्रत्यक्षात ते अनेकदा चालून जातं, विशेषतः व्हर्च्युअल मशीनवर. अडतं ते स्टोरेज कंट्रोलरवर. जुन्या रजिस्ट्रीला नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड करायचा आहे हे ठाऊक नसतं, आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. व्हर्च्युअल मशीन असेल तर डिस्क कंट्रोलरचा प्रकार जुन्यासारखाच ठेवा, निम्मी काळजी मिटते.

शेवटी घड्याळ. तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही तपासा. डोमेनमध्ये केर्बेरॉस, म्हणजे लॉगिन पडताळणारी पद्धत, मुळातच ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही.

जुनं मशीन अजून अर्धवट चालू होत असेल तर त्याची नेटवर्क केबल काढून ठेवा. एकाच ओळखीची दोन मशीन्स एका नेटवर्कवर आली तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील.

सॉफ्टवेअर आणि डेटा आधी

सिस्टम स्टेट शेवटी आणायची. आधी डेटा ड्राइव्ह आणि ज्या फोल्डर्सवरून सर्व्हिसेस चालतात ती फोल्डर्स त्यांच्या मूळ जागी रिस्टोअर करा. मग सिस्टम स्टेट, आणि त्यानंतरच रीस्टार्ट. असं केलं की जुनी रजिस्ट्री जागी होते तेव्हा तिला हव्या त्या फाइल्स हव्या त्या जागी सापडतात. सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइल्स हाताशी असतील तर रिस्टोअरनंतर वरून पुन्हा इन्स्टॉल करणं हाही मार्ग आहे, आणि काही सॉफ्टवेअरसाठी तोच बरा.

बॅकअपची व्हर्जन शोधणं

बॅकअपची डिस्क जोडा. तिच्या मुळाशीच विंडोजइमेजबॅकअप नावाचं फोल्डर असायला हवं आणि त्याच्या आत जुन्या कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर. कुणी सोयीसाठी ते दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं असेल तर परत मुळाशी आणा, नाहीतर डब्ल्यूबीॲडमिनला ते दिसत नाही. फोल्डरचं नावही बदलू नका.

बॅकअप नेटवर्क शेअरवर असेल तर आधी नेट यूज कमांडने युजरनेम-पासवर्ड देऊन शेअर जोडून घ्या. नवा सर्व्हर वर्कग्रुपमध्ये आहे, त्याला कुणी ओळखत नाही. शेअरवर विंडोज सर्व्हर बॅकअप प्रत्येक वेळी जुन्या बॅकअपवरच नवा लिहितो, त्यामुळे तिथे शेवटची एकच प्रत मिळेल.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि द्या: डब्ल्यूबीॲडमिन गेट व्हर्जन्स, पुढे बॅकअपटार्गेट आणि डिस्कचं लेटर, पुढे मशीन आणि जुन्या सर्व्हरचं नाव. प्रत्येक पर्यायाच्या आधी उणे चिन्ह आणि नंतर कोलन.

यादी येईल. प्रत्येक बॅकअपसमोर बॅकअपची वेळ आणि खाली व्हर्जन आयडेंटिफायर असतो, समजा ०३/०४/२०२४-२१:३०. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, या आकड्यात महिना आधी आणि दिवस नंतर, म्हणजे ही ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. दुसरा, आयडेंटिफायरमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि वरची बॅकअपची वेळ तुमच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत आणि कधी तारीखही एका दिवसाने मागेपुढे दिसते. हिशेब करत बसू नका. आयडेंटिफायर जसा दिसतो तसा कॉपी करून पेस्ट करा.

त्याच यादीत 'कॅन रिकव्हर' ची ओळ असते. तिथे सिस्टम स्टेट लिहिलेलं असेल तरच पुढे जा. फक्त व्हॉल्यूम आणि फाइल्स दिसत असतील तर या बॅकअपमध्ये सिस्टम स्टेट नाहीच.

प्रत्यक्ष रिस्टोअर

नव्या सर्व्हरवर अजून ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालू नसल्यामुळे ही कमांड नेहमीच्या मोडमध्येच चालते. चालू असलेल्या डीसीवर मात्र डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये बूट करून, त्या मोडच्या स्वतंत्र पासवर्डने लॉगिन करून हे काम करावं लागतं.

कमांड अशी: डब्ल्यूबीॲडमिन स्टार्ट सिस्टमस्टेटरिकव्हरी, पुढे व्हर्जन आणि कॉपी केलेला आयडेंटिफायर, मग बॅकअपटार्गेट, मग मशीन. डोमेनमधला एकमेव डीसी परत उभा करत असाल तर शेवटी ऑथसिसव्हॉल हा पर्याय जोडा. त्याने सिसव्हॉलची ही प्रत अधिकृत मानली जाते. तो नसेल तर डीसी सिसव्हॉल कुणाकडून तरी घ्यायची वाट पाहत बसतो, आणि द्यायला दुसरं कुणी नसतंच. दुसरे डीसी जिवंत असतील तर हा पर्याय चुकूनही लावू नका, त्यांच्यावरच्या ग्रुप पॉलिसी जुन्या प्रतीने पुसल्या जातील.

एंटर दाबल्यावर एक-दोन इशारे येतात. बॅकअप वेगळ्या सर्व्हरचा वाटला तर 'दुसऱ्या सर्व्हरवर ही रिकव्हरी करू नये, सर्व्हर निकामी होऊ शकतो' अशा अर्थाचा मजकूर दिसतो. आपण सगळं जुळवून घेतलं आहे, त्यामुळे वाय दाबून पुढे जायचं. पण नाव, आवृत्ती किंवा ड्राइव्ह लेटरबद्दल मनात किंतु असेल तर हीच मागे फिरण्याची शेवटची जागा.

एकदा सुरू झालं की हात लावायचा नाही. ही क्रिया मध्येच थांबवता येत नाही. विंडो बंद केली किंवा वीज गेली तर अर्धं विंडोज जुनं आणि अर्धं नवं अशी अवस्था होते, आणि बहुधा पुन्हा पहिल्यापासून विंडोज टाकावं लागतं. यूपीएसवर नसलेल्या मशीनवर हे सुरूच करू नका. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर अडकल्यासारखी वाटते, ते चालतं. शंका आली तर विंडोज फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये विंडोजसर्व्हरबॅकअप फोल्डर आहे, तिथल्या लॉग फाइलचा आकार वाढतो आहे का बघा.

संपलं की रीस्टार्ट मागतो. द्या.

पहिलं लॉगिन

इथे हमखास घोटाळा होतो. तुम्ही विंडोज टाकताना जो ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड ठेवला होता तो आता चालणार नाही. लोकल अकाउंट्सही रजिस्ट्रीतच असतात आणि रजिस्ट्री जुनी आली आहे. त्यामुळे बॅकअपच्या दिवशी जो पासवर्ड होता तोच द्यायचा. डीसी असेल तर डोमेन ॲडमिनचा त्या दिवशीचा पासवर्ड. तो कुणाला आठवतो का, ही चौकशी रिस्टोअरच्या आधीच करून ठेवा.

लॉगिन झाल्यावर एक कमांड विंडो आपोआप उघडते: सिस्टम स्टेट रिकव्हरी यशस्वी झाली, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. हा संदेश दिसला नाही तर लॉग वाचल्याशिवाय पुढे सरकू नका.

एकमेव डीसीला पहिल्यांदा उठायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. डीएनएस ॲक्टिव्ह डिरेक्टरीची वाट बघतं, ॲक्टिव्ह डिरेक्टरी डीएनएस शोधते. इव्हेंट ४०१३ दिसला तर घाबरू नका, बऱ्याचदा काही मिनिटांत तो गुंता स्वतःच सुटतो.

नेटवर्क कार्डाचं भूत

हार्डवेअर बदललं असेल तर जुना स्थिर आयपी पत्ता जुन्या नेटवर्क कार्डाच्या नावावर रजिस्ट्रीत तसाच असतो, आणि ते कार्ड आता मशीनमध्ये नसतं. नवं कार्ड डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या पत्त्यावर उभं राहतं. त्याला जुना पत्ता द्यायला गेलात की विंडोज सांगतं, हा पत्ता आधीच दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. नेटवर्क ॲडॉप्टर्सखाली फिकट रंगात जुनं कार्ड दिसेल. ते अनइन्स्टॉल करा, मग नव्याला आयपी, गेटवे आणि डीएनएस द्या. डीसीच्या बाबतीत हे सगळ्यात आधी करा. त्याचं डीएनएस चुकलं तर बाकीचं काहीच नीट दिसणार नाही.

तपासणी

साध्या सर्व्हरसाठी पहिलं काम डोमेनशी नातं टिकलं का हे बघणं. मशीनच्या अकाउंटचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. बॅकअप त्याहून जुना असेल तर सर्व्हरकडे जुना पासवर्ड आणि डोमेनकडे नवा, अशी फारकत होते. लॉगिनच्या वेळी 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. लोकल ॲडमिनने आत जा, पॉवरशेलमध्ये टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही कमांड रिपेअर पर्यायासह, डोमेन ॲडमिनचं क्रेडेन्शियल देऊन चालवा. डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याची गरज बहुधा पडत नाही.

डीसीसाठी डीसीडायग ही तपासणीची कमांड चालवा, सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे दोन्ही शेअर दिसतात का ते नेट शेअरने बघा. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये ११०९ नंबरची नोंद शोधा. ती सांगते की या डीसीचा इन्व्होकेशन आयडी, म्हणजे त्याच्या डेटाबेसच्या प्रतीची ओळख, बदलला आहे. ही चांगली बातमी आहे. त्यामुळे बाकीच्या डीसींना कळतं की हा डेटाबेस बॅकअपमधून परत आलेला आहे, आणि मधल्या काळातले बदल त्याला पुन्हा द्यायचे आहेत. कुणी डिस्कची नुसती कॉपी परत लावली तर हा आयडी बदलत नाही, बाकीचे डीसी समजतात याच्याकडे सगळं आहे, आणि बदल कायमचे हुकतात. यालाच यूएसएन रोलबॅक (यूएसएन म्हणजे बदलांना दिलेले क्रमांक) म्हणतात, आणि त्याची नोंद २०९५ नंबरने येते. ती दिसली तर तो डीसी नेटवर्कवरून बाजूला काढा.

विंडोजचं ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जाऊ शकतं. सर्व्हिसेसच्या यादीत 'ऑटोमॅटिक' असूनही बंद पडलेल्या सर्व्हिसेस एकेक करून पाहा, ७००० चे एरर बहुतेक तिथलेच निघतील. शेअर्स उघडून बघा, एका साध्या युजरच्या लॉगिनने बघा, तुमच्या ॲडमिनच्या लॉगिनने सगळंच उघडतं. मग विंडोज अपडेट्स पूर्ण करा, आणि त्याच दिवशी या सर्व्हरचा नवा बॅकअप घ्या, या वेळी बेअर मेटल रिकव्हरीच्या चौकटीवर खूण करून. जुना बॅकअप वेगळ्या डिस्कवर तसाच राहू द्या, निदान सगळे विभाग आठवडाभर सुरळीत काम करेपर्यंत.